मृत्युपत्र, प्रोबेट आणि गोमंतकातील वाटणी

इ. स. १८७० हे वर्ष पश्चिम किनाऱ्याच्या राजकीय इतिहासात विशेष लक्षात राहण्याजोगे नाही. मराठी घराण्यांच्या मिळकतीच्या इतिहासात मात्र त्याला वेगळे स्थान आहे. त्या वर्षी १ जुलैला व्हिश्कोंद द सेआब्रा यांनी रचलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात अमलात आली, आणि नेमक्या दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरपासून, ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदू मृत्युपत्रांचा कायदा सुरू झाला. माणूस गेल्यावर त्याच्या घरादाराचे काय करावयाचे, या एकाच प्रश्नाला शेजारच्या दोन राजवटींनी दिलेली ही दोन उत्तरे होत. ज्या घराण्यांची एक शाखा गोव्यात आणि दुसरी बेळगावात किंवा मुंबईत नांदत होती, त्यांना दोन्ही उत्तरांशी संसार करावा लागला.

१८७० चा ब्रिटिश कायदा सर्वत्र लागू नव्हता. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या ताब्यातील प्रदेश आणि मद्रास व मुंबई ही शहरे एवढीच त्याची मर्यादा. पुढे १८८१ चा प्रोबेटचा कायदा झाला, १९२५ चा भारतीय वारसा कायदा झाला, तरी ही जुनी सीमारेषा कायम राहिली. परिणामी गिरगावातील गृहस्थाच्या मृत्युपत्राला उच्च न्यायालयाचे प्रोबेट घेणे भाग पडे. बेळगावातील त्याच्या भावाला मात्र, मिळकत मुंबईत नसेल तर, ही सक्ती नव्हती. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतून वारसाचा दाखला मिळे तो १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राच्या खरेपणावर उमटलेली न्यायालयाची मोहोर. मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने मूळ कागद घेऊन अर्ज करावयाचा, सही होताना हजर असलेल्या साक्षीदारांपैकी कोणाची तरी साक्ष द्यावयाची, जवळच्या नातलगांना नोटिसा जावयाच्या, आणि कोणी हरकत घेतलीच तर त्या अर्जाचा रीतसर दावा व्हावयाचा. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही. मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र मागावे लागते. एवढा सारा खटाटोप करून न्यायालय ठरविते ते एकच: हा कागद मृताचा अखेरचा आहे काय आणि तो त्याने शुद्धीवर असताना, स्वखुशीने केला आहे काय. त्यात लिहिलेली मिळकत खरोखर त्याची होती का, हा प्रश्न तेथे निघत नाही. बायकोमुलांना न्याय मिळाला का, हाही निघत नाही. स्वकष्टार्जित मिळकत बापाने एकाच मुलाला लिहून दिली आणि कागद खरा ठरला, की न्यायालयाचे काम संपले.

गोव्याच्या संहितेने हा क्रमच उलटा लावला. तेथे घरच्या घरी लिहून कपाटात ठेवलेल्या मृत्युपत्राला किंमत नव्हती. ते नोटरीच्या बुकात, त्याच्यासमोर नोंदवावयाचे. नाही तर बंद करून त्याच्याकडून प्रमाणित करून घ्यावयाचे. कागदाच्या खरेपणाची तपासणी मरणापूर्वीच होऊन जात असल्यामुळे प्रोबेटची गरज उरत नसे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. मुलेबाळे असणाऱ्याला आपल्या हिश्शाच्या अर्ध्यावरच मृत्युपत्र करता येई. उरलेला अर्धा, ज्याला ‘लेजितिमा’ म्हणत, तो मुलगे आणि मुली यांचा समान हक्क म्हणून राखलेला. (मूळ संहितेत राखीव भाग दोनतृतीयांश होता, पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१० मध्ये तो निम्म्यावर आला.) शिवाय लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाई. त्यामुळे नवऱ्याच्या निधनानंतर अर्धी मिळकत विधवेची असे, आणि ती वारसा म्हणून नव्हे, मुळातच तिची म्हणून. घाटावर विधवेला मर्यादित का होईना, पण हिस्सा मिळायला १९३७ उजाडावे लागले. मुलीला बापाच्या मिळकतीत मुलग्याबरोबर बसविणारा कायदा १९५६ चा, आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मतः हक्क मिळाला तो २००५ साली.

मृत्यूनंतरची खरी कसोटी ‘इन्व्हेंटरी’ची असे. वारसांत अज्ञान मूल असेल, कोणी मानसिकदृष्ट्या अक्षम असेल किंवा ठावठिकाणा न लागणारा कोणी परागंदा असेल, तर ही प्रक्रिया न्यायालयात सक्तीने होई; सारे सज्ञान आणि एकमताचे असतील तर नोटरीसमोरच्या दस्ताने भागे. न्यायालयात प्रथम एक कुटुंबप्रमुख, ‘काबेसा द काझाल’, नेमला जाई. हयात जोडीदार असल्यास हा मान त्याचा, म्हणजे अनेकदा विधवेचा. तिने शपथेवर सांगावयाचे: निधन केव्हा आणि कोठे झाले, मृत्युपत्र आहे की नाही, वारस कोण, त्यांची वये काय, त्यांची लग्ने कोणाशी झाली. सुना आणि जावई हेही या कामात पक्षकार, कारण आपापल्या जोडीदाराच्या मिळकतीत तेही भागीदार. मग यादी. घर, भाट, शेत, सोनेनाणे, भांडीकुंडी, येणे आणि देणे, सारे तपशिलाने लिहावयाचे आणि त्याचे मोल ठरवावयाचे. बापाने हयातीत एखाद्या मुलाला काही देऊन ठेवले असेल तर तेही हिशेबात परत आणावयाचे. एखादे कुटुंब आतून कसे होते, हे सांगणारा याहून नेमका कागद इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच सापडेल.

यादीनंतर वारसांची बैठक बसे. एकमत झाले तर प्रश्नच नाही. न झाल्यास ‘लिसितासांव’, म्हणजे वारसांचा आपसांतला लिलाव. ज्याची बोली मोठी त्याला ती वस्तू, आणि हिश्शापेक्षा अधिक घेतलेल्या मोलाची रक्कम त्याने इतरांना चुकती करावयाची. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी सोयीची युक्ती, कारण घराच्या भिंती न पाडता त्याची किंमत वाटता येते. माणसांच्या दृष्टीने पाहिले तर तिचे दुसरे रूप दिसते. मुंबईत नोकरी करून चार पैसे जोडलेला भाऊ बोलीत पुढे जाई, आणि ज्याने जन्मभर त्याच घरात राहून देवघर आणि बागायत सांभाळली त्याच्या हाती पैशांची पुरचुंडी येई. समान वाटणी झाली खरी, पण ती समान ऐपत असलेल्यांत झालेली नसे.

कायदा एक आणि चाल दुसरी, हेही येथे नोंदविले पाहिजे. एकत्र कुटुंबपद्धतीने राहणाऱ्या हिंदूंसाठी १८८० मध्ये रूढींची स्वतंत्र संहिता झाली आणि तिने काही बाबतींत वेगळे नियम राखले. हयात माणसाच्या वारशावर आगाऊ पाणी सोडणे नागरी संहितेला मान्य नव्हते. तरीही लग्नात दिले-घेतले, आता माहेरच्या मिळकतीत तुझे काय, हा सूर घराघरांतून ऐकू येईच. आणि बाप गेल्यावर नोटरीसमोर त्यागाच्या दस्तावर मुलीची सही होई, जावयाची संमतीही त्यावर लागे. हक्क दिला होता कायद्याने, सोडवून घेतला भावांनी. याबद्दल पोर्तुगीज संहितेला दोष देता येणार नाही आणि आपल्याला फुशारकीही मारता येणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले, आणि वारशाच्या बाबतीत हा बदल पुष्कळ लांबला. संहिता पोर्तुगीजमध्ये आणि नवी पिढी मराठी, कोंकणी व इंग्रजी वाचणारी, यामुळे आपल्याच आजोबांच्या वाटणीचा कागद नातवाला परका झाला. वाटणी न झालेली घरेही वाढत गेली. दोन पिढ्यांचा हिशेब राहिला की वारसांची संख्या पाच-सातांवरून तीस-चाळिसांवर जाते. कोणी पोर्तुगालात, कोणी आफ्रिकेत, कोणी पुण्यात, आणि कौले दुरुस्त करावयाची तर संमती सर्वांची. अखेर विधानसभेने २०१२ साली संमत केलेला वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रियेचा कायदा २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. त्याने संहितेतील तत्त्वे बहुतांशी तशीच ठेवून ती इंग्रजीत आणली.

घाटावरचे आणि घाटाखालचे ही दोन उत्तरे समोरासमोर आली ती सर्वोच्च न्यायालयात, १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात. एका गोमंतकीय गृहस्थाने मुंबईतील आपले घर मृत्युपत्राने एकाच मुलीला दिले होते आणि त्या मृत्युपत्राचे मुंबईत प्रोबेटही झाले होते. प्रश्न होता की ते घर गोव्यातील इन्व्हेंटरीच्या यादीत येते काय. न्यायालयाने येते म्हणून सांगितले. गोव्याच्या रहिवाशाची मिळकत भारतात कोठेही असली तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, आणि प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते, बाकीच्या मुलांचा राखीव अर्धा भाग त्यामुळे नाहीसा होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे २०२५ च्या निरसन व दुरुस्ती कायद्याने १९२५ च्या कायद्यातील कलम २१३ वगळले आणि मुंबईतील प्रोबेटची सक्तीच संपली. मुंबईत घर असलेल्या गोमंतकीयाला त्या घराची नोंद गोव्यातील यादीत अद्यापही करावी लागते.