आजीचं लुगडं आणि इजिप्तची बाहुली

आजचा एपिसोड उशिरा आला, कारण गेले तीन आठवडे ऑफिस सुटलं की मी बाहुली शिवत बसत होतो. हो, बाहुली. हसून घ्या.

ताईची मुलगी एक वर्षाची झाली. मामा म्हणून ऑनलाइन काहीतरी मागवून मोकळं होता आलं असतं. पण आजी गेल्यावर तिचं एक लुगडं माझ्याकडे आलं होतं, आणि ताईच्या लहानपणी आजी तिला चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायची. त्यातली एकही आज घरात नाही. एक ट्रंकेत ओल लागून कुजली, बाकीच्या कुठे गेल्या कुणालाच आठवत नाही.

इतिहासाचंही नेमकं असंच झालंय. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या सापडल्या. हडप्पाच्या मृण्मूर्ती तर चार हजार वर्षांहून जुन्या. लाकडाची ठकी आपल्याकडे जुन्या घरांतून अजून निघते. कापडाची मात्र निघत नाही. आपल्या पावसाळ्यात, वाळवीत कापड टिकणार कसं? आणि चिंधीची बाहुली जपून ठेवतं तरी कोण? ती खेळूनच संपते. त्यामुळे म्युझियममध्ये माती दिसते म्हणून तेव्हाची पोरं मातीच्याच बाहुल्यांशी खेळायची, असं मला तरी वाटत नाही.

कापडाची टिकली ती इजिप्तच्या कोरड्या वाळूत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक बाहुली आहे, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकातली. उंची जेमतेम 19 सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या हातातल्या फोनपेक्षा थोडी जास्त. अंग लिननच्या जाड्याभरड्या कापडाचं, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे कोंबलेले. चेहऱ्यावर रंगीत लोकरीच्या खुणा उरल्यात, आणि डोक्याच्या एका बाजूला एक छोटा निळा काचेचा मणी शिवलाय. बहुतेक केसातला दागिना असावा. मला तो मणी फार आवडतो. पोटात टाकाऊ माल भरणाऱ्या माणसाने मणी मात्र शोधून आणलाय.

आता माझी बाहुली. लुगडं समोर, कात्री हातात, आणि हात पुढे जाईना. शेवटी आईला फोन केला. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "अरे, आजीने स्वतः तिच्या सासूच्या लुगड्याची गोधडी शिवली होती. काप. फक्त विरलेला भाग घेऊ नकोस, टाके धरणार नाहीत."

कापलं. दोन तुकडे उलटे जोडून कडेने टीप मारली, भरायला जागा ठेवली, मग सुलटं केलं. हे सुलटं करताना हातांची बोटं फाटायला येतात, तिथे पेन्सिलचं मागचं टोक वापरा. मानेत कापूस दाबून भरायचा असतो, हे मला मान लुळी पडल्यावर कळलं. पोटात माझ्या पहिल्या नोकरीतल्या टी-शर्टच्या चिंध्या गेल्या. इजिप्तच्या त्या माणसाचीच आयडिया.

डोळ्यांना बटणं लावणार होतो. आई म्हणाली, "बाळ तोंडात घालेल रे." मग सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घेऊन डोळे भरले, ओठांना साखळी टाका. तीनदा उसवले. इथे कंट्रोल-झेड नाही. उसवलं की कापडाला भोकं राहतात. डावा डोळा त्यामुळे थोडा वरच आहे. निळा मणीही आणला होता, पण तोही तोंडात जाईल म्हणून त्याच जागी निळ्या दोऱ्याची एक गाठ मारली.

वाढदिवसाला दिली. ताईने उलटीसुलटी करून पाहिली, काठ ओळखला आणि पाणी आणते म्हणून आत गेली. भाचीने तेवढ्यात बाहुलीचा उजवा हात तोंडात घातला होता.