मोटारीचा टप उतरवणारा सॅम बॅरिस

आपल्याकडे मालमोटार घेणारा गृहस्थ पूर्वी कारखान्यातून पुष्कळदा नुसता सांगाडाच आणीत असे. चाके, इंजिन आणि पुढचे तोंड एवढेच काय ते तयार मिळायचे. बाकीची बॉडी, म्हणजे केबिन, हौदा, फळ्या, हे सारे गावातल्या नाहीतर जवळच्या शहरातल्या मिस्त्रीकडून बांधून घ्यायचे. गाडी उभी राहिली की मग रंगारी येई. मालकाचे नाव, मुलांची नावे, मागे एखादे मोर नाहीतर कमळ, आणि अगदी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतः रंगाऱ्याचे नाव. अशी नावे मी रस्त्यात थांबून पुष्कळ वाचली आहेत. पण ज्याने पत्रा ठोकला, वाकवला, सांधला, त्या मिस्त्रीचे नाव मात्र मला कुठे वाचल्याचे आठवत नाही.

आज ज्या कारागिराविषयी सांगायचे आहे तो आपल्या मुलखातला नाही. तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. पण त्याची गोष्ट पुष्कळशी या मिस्त्रीसारखीच आहे. फरक इतकाच, की इथे मिस्त्री आणि रंगारी हे सख्खे भाऊ होते. थोरला सॅम बॅरिस, जन्म १९२४. धाकटा जॉर्ज, जन्म १९२५. घराणे ग्रीक. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा काकांनी दोघांना शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल या गावी आणून वाढवले. काकांचा हॉटेल-खानावळीचा व्यवसाय होता. तिथल्या कामात मदत केली म्हणून पोरांना घरची एक जुनी मोटार मिळाली, १९२५ची ब्यूक. तिच्यावर त्यांनी पहिले हात चालवले. त्या मोटारीचे काय काय हाल झाले असतील ते देव जाणे. पण दोघांचे शिक्षण तिथे सुरू झाले. जवळच सॅक्रामेंटो शहर. तिथे हॅरी वेस्टरगार्ड नावाचा पत्रेकामात निष्णात कारागीर होता. त्याच्या कामाचे वळण या मुलांनी, विशेषतः जॉर्जने, जवळून पाहिले.

इथे दोन शब्दांचा खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे त्यांची गल्लत होते. एक ‘हॉट रॉड’ आणि दुसरा ‘कस्टम’. १९३२ साली फोर्ड कंपनीने व्ही-८ इंजिनाची मोटार सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आणली. ती जुनी होऊन स्वस्त झाल्यावर तिथल्या तरुणांनी तिचे मडगार्ड काढले, वजन कमी केले, इंजिनात नाना खटपटी केल्या, आणि मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत ती बेफाम पिटाळायला सुरुवात केली. ही हॉट रॉड. तिचा धर्म वेग. अशा मंडळींची संघटना १९३७ साली निघाली, आणि १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिकही सुरू झाले. ‘कस्टम’ ही तिची बहीण, पण स्वभावाने निराळी. तिला धावण्याची घाई नाही. ती दिसायला हवी, लांब, बुटकी, गुळगुळीत, जमिनीला जवळजवळ टेकलेली. हमरस्त्यावरून ती सावकाश जावी आणि लोकांनी माना वळवून पाहावी, एवढीच तिची अपेक्षा. बॅरिस बंधूंची ख्याती मुख्यतः या दुसऱ्या जातीची. ‘कस्टम’ हा शब्द त्यांनी आपल्या पाटीवर ‘सी’ऐवजी ‘के’ने लिहिला. जॉर्जची ही युक्ती. आणि ती अशी काही रुजली की त्या जगात पुढे सगळेच तसे लिहू लागले. इंग्रजीच्या प्राध्यापकांचा जीव किती कासावीस झाला असेल, कल्पना करा!

दुसरे महायुद्ध संपले. जॉर्ज आधीच लॉस एंजेलिसच्या बाजूला आला होता. सॅम लष्करी सेवेतून सुटून त्याला येऊन मिळाला, आणि दोघांचे दुकान सुरू झाले. पुढे ते लिनवुड या उपनगरात आले. कामाची वाटणी आपोआप झाली. जॉर्जकडे रंग, कल्पना, गिऱ्हाईक, छायाचित्रे आणि मासिकांत लेख. सॅमकडे पत्रा.

आता या पत्र्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सॅमचे मोठेपण तिथे आहे.

कस्टम मोटारीतले सर्वांत अवघड काम म्हणजे टप उतरवणे. छपराला आधार देणारे खांब मध्ये कापायचे, प्रत्येकातून काही इंच तुकडा काढून टाकायचा, आणि छप्पर खाली बसवून पुन्हा जोडायचे. ऐकायला सोपे वाटते. पण एक बादली डोळ्यांपुढे आणा. तळाशी अरुंद, वर रुंद. तिच्या मधून चार बोटे रुंदीचा पट्टा कापून काढला आणि वरचा भाग खालच्यावर ठेवला, तर कडा जुळतील का? मोटारीचेही तसेच. खांब तिरपे असतात, छप्पर वर निमुळते होत जाते. ते खाली आणले की पुढचे पुढे जुळत नाही आणि मागचे मागे. मग छपरात पत्रा घालून ते वाढवावे लागते, खांबांचा कल बदलावा लागतो. त्यात मागची काच वक्र असली म्हणजे आणखी पंचाईत, कारण ती कापायला गेले तर फुटायची. तेव्हा ती सबंध ठेवून आडवी कलती करायची आणि भोवतालचा सगळा पत्रा नव्याने घडवायचा.

१९४९ साली फोर्ड कंपनीने मर्क्युरी गाडी नव्या घाटात आणली. गोलसर, भरदार, बाजू एकसंध. तिचा टप उतरवणे हे जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी कठीण. सॅमने स्वतःसाठी ही गाडी घेतली आणि, गाडी जवळजवळ नवी असतानाच, तिला करवत लावली. ज्याने आयुष्यात कधी हप्त्याने वस्तू घेतली असेल त्याला या धैर्याची कल्पना येईल. नव्या मर्क्युरीचा टप उतरवणाऱ्या अगदी पहिल्या एक-दोघांत सॅमची गणना होते. त्या गाडीत नुसते छप्पर खाली आले नव्हते. समोरच्या काचेपासून मागच्या टोकापर्यंत एकच रेघ न अडखळता वाहत गेली होती. ती पाहिली आणि मर्क्युरीवाल्यांची रांग लागली.

सांधे झाकायची रीतही ऐकण्यासारखी आहे. आजकाल मोटारीच्या पत्र्यावर रंगारी लांबी भरतो. त्या वेळी शिसे भरीत. आधी पत्रा घासून लख्ख करायचा, मग त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचेच काम! मग शिसे आणि कथील यांची कांडी ज्योतीवर धरायची. हा मिश्रधातू एकदम पातळ होत नाही. मध्ये थोडा वेळ लोण्यासारखा मऊ राहतो. तेवढ्यात लाकडी थापीने तो सारवायचा. जरा उष्णता जास्त झाली की सगळे वितळून जमिनीवर, कमी झाली की गोळे. नंतर कानस. या शिशामुळेच असल्या गाड्यांना पुढे ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असे नाव पडले. शिशाची धूळ फुप्फुसांना काय करते याची पर्वा त्या काळी फारशी कुणी केली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आणि गंमत अशी की हे काम जितके उत्तम, तितके ते दिसेनासे होते. रंगाऱ्याचा रंग दिसतो. पत्रेवाल्याचा सांधा दिसला तर ती त्याची नामुष्की. सॅमने आयुष्यभर जे केले ते सगळे आपल्या हाताची खूण पुसण्याचेच.

१९५२ साली बॉब हिरोहाता नावाचा तरुण आपली १९५१ची मर्क्युरी घेऊन दुकानात आला. तो जपानी वंशाचा अमेरिकन. अवघ्या दहाच वर्षांपूर्वी, १९४२ साली, त्याच किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडायला लावून सरकारने छावण्यांत ठेवले होते. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या देशातल्या सर्वांत नावाजलेल्या कस्टम मोटारीला एक जपानी आडनाव चिकटले, याचे नवल वाटते.

या गाडीचा टप पुढून सुमारे चार इंच आणि मागून सात इंच उतरवला. दारामागचा खांब पार काढून टाकला आणि खिडकीची कड वाकवून मागे एका झोकात उतरवली. बाजूवरची चकचकीत पट्टी ब्यूकची, मागचे दिवे लिंकनचे, मागच्या मडगार्डांतल्या हवेच्या झडपांचे दात शेव्हरोलेचे. एवढी उसनवारी, पण सारे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसते. रंग दोन, वर फिकट समुद्रफेसी हिरवा, खाली गडद. आतल्या मुठी हिरोहाताने स्वतः प्लास्टिकच्या घडवल्या, आणि डॅशबोर्डवर व्हॉन डच या त्या काळच्या विक्षिप्त चित्रकाराने बारीक रेघा ओढल्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली तेव्हा लोकांची झुंबड उडाली. कुणाला वाटेल की असली नाजूक वस्तू काचेआड ठेवायची. हिरोहाताने १९५३ साली तीत कॅडिलॅकचे इंजिन बसवले आणि ती चालवत दोन हजार मैलांहून दूर इंडियानापोलिसला नेली. प्रवासाची हकिकत मासिकात छापून आली.

इथून पुढे भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५५-५६च्या सुमारास सॅमने लिनवुड सोडले आणि बायकामुलांसह तो सॅक्रामेंटोच्या बाजूला, आपल्या जुन्या मुलखात, परत गेला. घरच्या घरी अधूनमधून एखादी गाडी करीत राहिला. १९५७च्या डिसेंबरात लिनवुडच्या दुकानाला आग लागून कित्येक गाड्या जळाल्या. जॉर्ज मात्र डगमगला नाही. तो हॉलिवुडच्या कामात शिरला. टॉम वुल्फ या लेखकाने १९६३ साली ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लिहिले, आणि जॉर्जला चित्रकार-शिल्पकारांच्या पंक्तीला बसवले. १९६६च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातली काळी मोटार जॉर्जची. मूळची ती १९५५ची लिंकन फ्युचुरा, इटलीतल्या तुरीन शहरी घडवलेली नमुन्याची गाडी. तिचे रूप तीन आठवड्यांत पालटले. आता ऐका. त्या तीन आठवड्यांतले पत्रेकाम कुणी केले? बिल कुशनबेरी नावाच्या दुसऱ्याच कारागिराने. जगाला ठाऊक आहे ते नाव बॅरिस.

यात जॉर्जवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. तो नसता तर सॅमच्या गाड्यांची छायाचित्रे निघाली नसती, मासिकांत लेख आले नसते, आणि आज मला हे भाषण देताच आले नसते. वर्गात मी मुलांना सांगत असतो की इतिहास कागदावरून लिहितात. किल्ला बांधणाऱ्या गवंड्याने कागद ठेवला नाही, कारकुनाने ठेवला. जॉर्ज स्वतःच स्वतःचा कारकून होता आणि तो फार हुशार कारकून होता. पण आपण, कागद वाचणारी माणसे, कारकुनालाच गवंडी समजून बसतो, ही चूक आपली. त्या व्यवसायातल्या जाणकारांना ही गफलत कधी झाली नाही. सॅमचे नाव ते आजही वेगळे घेतात, आणि जरा हळू आवाजात घेतात.

सॅम १९६७ साली कर्करोगाने गेला. साधारण माझ्याच वयात म्हणा ना. जॉर्ज त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जगला आणि २०१५च्या नोव्हेंबरात वारला. त्याची ती बॅटमॅनची मोटार २०१३ साली दलालीसह सेहेचाळीस लाख डॉलरांना गेली होती.

राहिली हिरोहाताची मर्क्युरी. तो हौशी माणूस. हौस फिटल्यावर त्याने ती विकली. हातोहात फिरत फिरत १९५९ साली ती पाचशे डॉलरांना एका शाळकरी मुलाने घेतली. त्याने ती शाळेत नेली, मिरवली, आणि मग पुढे कित्येक वर्षे ती तशीच ठेवून दिली. विकली मात्र नाही. लोकांनी ती कुठेतरी नष्ट झाली असे धरून चालायला सुरुवात केली होती. १९८०च्या दशकाच्या शेवटी तो, आता पोक्त झालेला गृहस्थ, तिच्या दुरुस्तीला लागला. मूळचा रंग, मूळचे इंजिन, मूळची पट्टी असे करता करता वर्षे गेली. २०१५ साली पेबल बीचच्या प्रदर्शनात, जिथे एरवी युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या मोटारी उभ्या राहतात, तिथे मर्क्युरी कस्टम गाड्यांच्या वर्गात तिला पहिला मान मिळाला. २०१७ साली अमेरिकेतल्या ऐतिहासिक मोटारींच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद झाली. दुसऱ्या वर्षी मालक गेला. गाडी त्याच्याकडे सुमारे एकोणसाठ वर्षे होती.

२०२२च्या जानेवारीत फ्लोरिडात तिचा लिलाव झाला. बोली साडेएकोणीस लाख डॉलरवर थांबली. दलाली धरून रक्कम एकवीस लाखांवर गेली. त्या वेळची छायाचित्रे मी पुष्कळ वेळ पाहिली. वर फिकट हिरवा, खाली गडद हिरवा. एका चित्रावर तर भिंग धरून पाहिले, खांब कुठे कापला असेल, छपराला कुठे जोड दिला असेल. मला काही तो सांधा सापडला नाही.