साखर आधी, सांधे नंतर

२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला ‘कंपाउंड ई’चं पहिलं इंजेक्शन दिलं. जिला कूस बदलणंही जड जात होतं, ती आठवड्याच्या आत चालत बाजारात जाऊन आली. हेच कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड. फिलिप हेंच, एडवर्ड केंडॉल आणि बाझलचे टाडेउश राइकस्टाइन यांना १९५० साली त्यासाठी नोबेल मिळालं. स्टेरॉइडची गोष्ट बहुधा इथूनच सांगतात. पण त्यामुळे या औषधाचा मूळ धंदाच नजरेआड राहतो.

तो धंदा साखरेचा. कॉर्टिझोन मुळात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं संप्रेरक. या ग्रंथी बिघडल्या की माणूस गळून जातो, हे लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी १८५५ सालीच लिहून ठेवलं होतं. १९३६ मध्ये लाँग आणि ल्यूकन्स या संशोधकांनी स्वादुपिंड काढून मधुमेह झालेल्या मांजरांच्या या ग्रंथीही काढल्या, तर मधुमेह चक्क ओसरला! चार वर्षांनी येलमध्ये लाँग यांनी ग्रंथी काढलेले उपाशी उंदीर तपासले. त्यांच्या यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा आटलेला असे. ग्रंथीच्या बाह्यभागाचा अर्क टोचला की तो पुन्हा भरे, आणि त्याच वेळी लघवीतून नायट्रोजन जास्त जाई. म्हणजे अंगातली प्रथिनं मोडून यकृत साखर घडवत होतं.

उपासात, तापात, जखमेत मेंदूला साखर कमी पडू नये, म्हणून शरीराने केलेली ही सोय. स्नायू झिजवायचे, चरबी सोडवायची, इन्सुलिनला दाद द्यायची नाही. गोळीच्या रूपात हेच महिनोन्महिने चाललं की हातपाय काटकुळे होतात, चेहरा आणि पोट सुटतं, साखर चढते. याला आपण ‘साइड इफेक्ट’ म्हणतो, पण हे तर त्या संप्रेरकाचं जन्मजात काम. सांध्यांची सूज उतरवण्याचा गुण आपल्याला नंतर कळला.

२०२१च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने याचा फार वाईट अनुभव घेतला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचवले. पण अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले, तिथे काळ्या बुरशीच्या (म्युकरमायकोसिस) संसर्गाला वाट मिळाली.

म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याची साखर मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी वाढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतरची साखरही तपासायला हवी.