मृतांची साक्ष

वैद्य रोग्याच्या उशाशीं बसतो तेव्हां रोगी त्याच्याशीं बोलत असतो. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काल काय खाल्लें, हें सारें तो सांगतो. पण ज्याच्यापुढें मुका देहच ठेवलेला असतो, त्या विकृतिशास्त्रज्ञानें काय करावें? प्रश्न त्यालाही विचारावेच लागतात. उत्तरें मात्र कानांनीं न ऐकतां डोळ्यांनीं वाचावीं लागतात.

हे प्रश्न कसे विचारावे हें इटलींतील पाडुआ विद्यापीठाच्या मोर्गान्यी या अध्यापकानें शिकविलें. इ. स. १७६१ मध्यें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, त्यानें सुमारें ७०० शवपरीक्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोग म्हणजे सर्व शरीरांतील रसांचा बिघाड, ही त्या वेळची समजूत. मोर्गान्यीनें विचारलें, रोगाचें ठिकाण कोणतें? आज मी जी हकीकत सांगणार आहें, तींत हाच प्रश्न एक पाऊल पुढें गेलेला आहे: रोग शरीरांत शिरला तो कोणत्या दारानें?

ही हकीकत रशियांतील, सन १९७९ च्या एप्रिल महिन्यांतील. उरल पर्वताच्या पूर्वेस स्व्हेर्डलोव्स्क नांवाचें कारखान्यांचें मोठें शहर होतें. १९९१ पासून त्याला येकातेरिनबुर्ग हें जुनें नांव पुन्हां मिळालें आहे. तेथें चांगलीं धडधाकट माणसें ताप येऊन, धाप लागून थोड्याच दिवसांत दगावूं लागलीं. डॉ. फाइना अब्रामोवा या अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ बाईंनीं एका प्रेताची कवटी उघडली, तों मेंदूवर गर्द तांबड्या रक्ताचा थर. जणूं कोणीं लाल टोपीच चढविली आहे! ही अँथ्रॅक्सची खूण त्यांनीं ओळखली, आणि पुढें जंतुपरीक्षेनें तें निदान खरें ठरलें.

अँथ्रॅक्स आपल्या शेतकऱ्यांना अपरिचित नाहीं. गुरांना होतो तेव्हां त्यास ते फाशी म्हणतात. माणसाच्या कातडीवर उठतो तेव्हां काळपुळी. पण कारखान्यांच्या शहरांतील इतक्या माणसांना हा गुरांचा रोग एकदम कोठून जडला? सरकारनें उत्तर दिलें: रोगी जनावरांचें मांस चोरून विकलें गेलें, तें लोकांनीं खाल्लें. हें उत्तर अशक्य कोटींतलें नव्हतें, आणि तेंच त्याचें बळ होतें.

येथें दाराचा प्रश्न येतो. दूषित मांस खाल्लें तर जंतु आंतड्यांच्या भिंतींत शिरतो आणि तेथून पोटांतील लसिकाग्रंथींत जातो. नासधूस प्रथम तेथें होते. उलट त्याचे अतिसूक्ष्म बीजाणु श्वासावाटे आंत गेले, तर शरीराच्याच रक्षक पेशी त्यांना उचलून दोन फुप्फुसांच्या मधल्या लसिकाग्रंथींत नेतात. तेथें ते रुजतात, विष निर्माण होतें, आणि त्या ग्रंथि व त्यांच्या भोंवतालचा भाग रक्तानें भरून नासतो.

अब्रामोवाबाई व त्यांचे तरुण सहकारी डॉ. लेव्ह ग्रिनबर्ग यांना काय दिसलें? त्यांनीं पुढें ज्या ४२ शवपरीक्षांचा अहवाल दिला, त्या सर्वच्या सर्व प्रेतांत छातींतील ग्रंथि अशा रीतीनें नासल्या होत्या. मात्र त्यांत एक फसवी खूणही होती. ४२ पैकीं ३९ प्रेतांच्या आंतड्यांतही रक्तस्रावाचे डाग होते! मांसाची कथा सांगणाऱ्यास याहून सोयीचा पुरावा कोणता? परंतु ते डाग रक्तप्रवाहाबरोबर मागाहून आलेले होते. पोटांतील ग्रंथि थोड्याच प्रेतांत बिघडल्या होत्या. चोर कोठून शिरला हें फोडलेल्या दारावरून ओळखावें, घरभर विस्कटलेल्या सामानावरून नव्हे.

म्हणजे विष ताटांत नव्हतें, हवेंत होतें. हें बोलणें त्या काळीं धोक्याचें होतें. सोव्हिएत रशियानें जैविक शस्त्रें न बाळगण्याच्या १९७२ च्या करारावर सही केली होती, आणि शहरांत सैन्याची एक जंतुप्रयोगशाळा होती. गुप्त पोलिसांनीं रुग्णालयाचे कागद नेले. पण बरण्यांतील अवयवांचे तुकडे, मेणाचे ठोकळे, कांचेच्या पट्ट्या आणि स्वतःचीं टिपणें या दोघांनीं गुपचूप जपून ठेविलीं. १९८८ सालीं सोव्हिएत वैद्यांनीं अमेरिकेंत जाऊन मांसाचीच कथा सांगितली, आणि तेथील कांहीं नामांकित शास्त्रज्ञांनाही ती संभवनीय वाटली. त्या वेळीं खरा पुरावा बरण्यांत मिटून बसला होता.

१९९२ च्या मे महिन्यांत अध्यक्ष येल्त्सिन यांनीं या मृत्यूंचें कारण सैन्याकडे होतें असें कबूल केलें. १९७९ सालीं त्याच प्रांतांत ते पक्षाचे प्रमुख होते. १९९३ मध्यें ४२ प्रेतांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षीं संशोधकांनीं रोग्यांचीं घरें व कामाच्या जागा नकाशावर मांडल्या, तों बहुतेक सर्व एका अरुंद पट्ट्यांत पडल्या. पट्टा त्या लष्करी जागेपासून दक्षिणेस जात होता, आणि २ एप्रिल १९७९ रोजीं वारा तसाच वाहत होता. त्याच रेषेंत पुढें ५० किलोमीटरपर्यंत जनावरेंही मेलीं होतीं. माणसें किमान ६६ मेलीं.

श्रोतेहो, आपल्या घरीं दुःखाच्या प्रसंगीं डॉक्टरांनीं शवपरीक्षेची गोष्ट काढली कीं मन मागें सरतें, आणि तें स्वाभाविकच आहे. गेलेलें माणूस तिनें परत येत नाहीं. पण स्व्हेर्डलोव्स्कच्या त्या घरांना, आपलीं माणसें कशानें गेलीं, याचें खरें उत्तर तेरा वर्षांनीं मिळालें, तें दोन विकृतिशास्त्रज्ञांनीं पाहिलेलें पुसूं दिलें नाहीं म्हणून. तेव्हां नकार देण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें, एवढीच विनंति.