चौकट, तुकडा आणि नक्षी

कारंजा लाड असो, मंगरूळपीर असो की दारव्हा, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात कोरल ड्रॉ हमखास असते. संगणकावर बसलेला मुलगा एक मिहराब काढतो. मग आठ टोकांचा एक तारा घेतो, त्याच्या ओळीवर ओळी लावतो आणि तो सगळा पसारा मिहराबीच्या रेषेत 'पॉवर क्लिप' करतो. रेषेबाहेरचे दिसेनासे होते. काही सेकंदांत पत्रिकेला नक्षी मिळते. त्या मुलाला हे काम सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासने दिले असे वाटते. प्रत्यक्षात तो जे करतो आहे, त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातला मोठा वाटा त्याच्याच पूर्वसुरींचा आहे.

दिलेली चौकट एकाच आकाराने भरायची म्हटले की तीन प्रश्न उभे राहतात. कोणता आकार घ्यायचा? तो कोणत्या नियमाने पुन्हा पुन्हा मांडायचा? आणि चौकटीच्या कडेला जो तुकडा अर्धवट येतो, त्याचे काय करायचे? सर्व बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकारांपैकी फक्त तीनच एकट्याने, फट न ठेवता जागा भरतात : त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. पंचकोन मांडून पाहा, फटी राहतात. अष्टकोन मांडला की मध्ये चौकोन सुटतो. त्या सुटलेल्या जागेलाच नक्षीचा भाग करून घेणे, हे कारागिराचे खरे हुनर.

दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बूझजानी (९४०-९९८) हा गणिती होऊन गेला. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्न येतो : सारख्या मापाचे तीन चौकोन कापून त्यांचा एकच मोठा चौकोन कसा करायचा? कारागीर ज्या रीतीने तुकडे जोडत, ती डोळ्याला बरोबर वाटे, पण सिद्ध करायला गेले की चुकीची निघे. उलट भूमितीच्या पंडिताला सिद्धता येत होती, पण हातात कात्री धरण्याची सवय नव्हती. बूझजानी दोघांच्याही उणिवा सांगतो आणि दोघांना उपयोगी पडेल अशी रीत देतो. गणिती आणि कारागीर एका बैठकीत बसत होते, ही गोष्ट मला त्या उत्तराहून महत्त्वाची वाटते.

आता आपल्या जवळ येऊ. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात दिलरास बानू बेगमची कबर खालच्या पातळीवर आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. संगणकावर नक्षी कुठेही कापली तरी काही बिघडत नाही. दगडात तसे चालत नाही. कडेला बारीक टोक उरले तर ते तुटते. म्हणून चौकटीच्या मापातूनच नक्षीचे माप काढावे लागते : रुंदीचे पूर्ण भाग पाडायचे, मधला तारा मध्यरेषेवर बसवायचा आणि दोन्ही कडांना नक्षी सारखीच संपेल असे पाहायचे. छिन्नी हातात घेण्याआधी हिशेब पुरा झालेला असतो. या मकबऱ्याच्या दरवाजावरच्या लेखात दोन नावे येतात, वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय. एक मुसलमान, एक हिंदू. नक्षी कोणाची, असा वाद घालणाऱ्यांनी ती जोडीने वाचावीत.

त्याच शहरात हिमरू विणला जाई. महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले अशी परंपरा सांगितली जाते. हिमरूत चौकट म्हणजे मागाची रुंदी. एक बुट्टा किती धाग्यांत बसतो आणि रुंदीत तो किती वेळा येतो, हे आधी ठरते. मग दोऱ्यांच्या गाठींनी ती नक्षी मागावर 'लिहून' ठेवतात. एकदा बांधली की तीच नक्षी हवी तितकी वेळा उठते. पुढे फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे काम छिद्रांच्या पत्त्यांवर सोपवले आणि त्या पत्त्यांवरून बॅबेजने आपल्या गणनयंत्राची कल्पना उचलली.

चौकट नेहमी मिहराबीचीच असते असे नाही, ती अक्षराचीही असू शकते. खत-ए-गुलजार या लेखनशैलीत आधी अक्षरांची फक्त बाह्यरेषा काढतात आणि आतली जागा फुला-पानांनी भरतात. खत-ए-गुबारमध्ये धुळीच्या कणाएवढी अक्षरे असतात, त्यांनी मोठ्या अक्षराचे पोट भरता येते. विजापूरच्या इब्राहिम रोजात तर कारागिरांनी याच्या पुढची पायरी गाठली. तिथल्या खिडक्यांत अरबी अक्षरेच दगडाची जाळी झाली आहेत. उजेड आत येतो तो अक्षरांच्या मधून.

१९६३ साली अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' नावाची संगणकप्रणाली आपल्या प्रबंधात मांडली. आजच्या सगळ्या चित्र-सॉफ्टवेअरची ती आजी. तिची ओळख करून देताना त्याने कोणते उदाहरण घेतले? एक षटकोन काढायचा आणि त्याच्या प्रती शेजारी शेजारी जोडून पडदा भरायचा. मग मूळ षटकोनाच्या जागी अर्धगोल आणला की सगळ्या प्रती आपोआप बदलतात आणि मधमाशीच्या पोळ्याचे माशाचे खवले होतात. मूळ एक, प्रती अनेक, आणि मूळ बदलले की प्रती बदलतात, हे तत्त्व आज प्रत्येक डिझायनर वापरतो.

मुसलमानांना चित्रे काढायला मनाई होती, म्हणून ते नक्षीकडे वळले, असे एक वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते अर्धवट आहे. मशिदीत आणि कबरीपाशी सजीवांची चित्रे टाळली गेली, हे खरे. पण मुघल दरबारात आणि दख्खनच्या सुलतानांकडे चित्रकला बहरली होती, हेही तितकेच खरे. नक्षी हा मनाईतून उरलेला उद्योग नव्हता. तो गणिताचा अभ्यास होता. मनाईचे वाक्य स्वीकारले की त्यामागची बुद्धी पुसली जाते आणि उरते फक्त सजावट.

कारंजाला जुन्या काळी कारंजा बीबी असेही म्हणत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार वेशींच्या आतले हे व्यापारी गाव इतके संपन्न होते की १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने इथून मोठी लूट नेली. इथल्या जैन भांडारांनी शेकडो हस्तलिखिते सांभाळली. विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतले अपभ्रंश ग्रंथ छापून आणले, तेव्हा भाषेच्या इतिहासाचा एक हरवलेला दुवा हाती आला. जपून ठेवलेले कधीतरी बोलते, ते असे. आपल्या उस्तादांचे ज्ञान मात्र बहुतेक हातातून हातात गेले. हात थांबले की तेही थांबले.

म्हणून दुकानातल्या त्या मुलाला एवढेच सांगावेसे वाटते. इंटरनेटवरून तयार 'इस्लामिक पॅटर्न' उतरवून घेण्यात गैर काही नाही. पण एकदा कंपास आणि पट्टी घे. एक वर्तुळ काढ, त्याचे आठ भाग कर, रेषा जोड आणि तारा कुठून उगवतो ते बघ. मग कोऱ्या मिहराबीचे माप घेऊन तो तारा तिच्यात असा बसव की कडेला एकही तुकडा पोरका राहणार नाही. ते जमले, की तू नक्षी उतरवणारा राहणार नाहीस, नक्षी करणारा होशील.