कर्णा, पेटी आणि घर

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस तळोद्यास बोलावून घेतलें. नंदुरबारास आगगाडींतून उतरून तापी ओलांडली, कीं सातपुड्याची निळसर रांग दिसूं लागते व तिच्या पायथ्याशीं हें गांव लागतें. इ. स. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. त्यापूर्वीं तें धुळें जिल्ह्यांत व त्याच्याहि पूर्वीं पश्चिम खानदेशांत होतें. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत तळोद्याची ओळख मुख्यतः दोन गोष्टींनीं करून दिलेली आढळते: खानदेशांतील लाकडाची मोठी पेठ, आणि त्या प्रांतांत उत्कृष्ट म्हणून गणल्या गेलेल्या बैलगाड्या. आम्हांस बोलावण्याचें कारण मात्र लाकूड नव्हतें, कीं गाडीहि नव्हती. स्नेह्यांनीं केळीच्या दोन हंगामांची शिल्लक घालून परदेशी बनावटीच्या, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, पावणेचार फूट उंचीच्या स्पीकरांची एक जोडी घरीं आणिली होती, आणि ती त्यांच्या घरांत कलहाचें कारण होऊन बसली होती.

ती जोडी येण्यापूर्वीं त्यांनीं घरांत सांगितलें होतें, कीं आतां संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसून गाणें ऐकावयाचें. प्रत्यक्षांत घडलें तें निराळेंच. नव्या सिमेंटच्या घरांत, गुळगुळीत फरशीच्या चौरस खोलींत दोन्ही स्पीकर भिंतीला टेकून उभे राहिले. समोर एकच खुर्ची, आणि दार लावलेलें. इतकें करूनहि आवाज घुमे. डग्ग्याचा एक ठोका विरण्यापूर्वीं दुसरा त्यावर येऊन पडे. त्यांचे वडील एकदां येऊन बसले व उठतांना एवढेंच म्हणाले, “बाबा रे, आपल्या जुन्या रेडिओवर शब्द तरी कळत होते.” हें वाक्य आमच्या स्नेह्यांस फार लागलें. यंत्र विकावें कीं ठेवावें, हें आम्हीं सांगावें अशी त्यांची इच्छा होती. या प्रश्नाचें उत्तर त्या यंत्राच्या इतिहासांतच सांपडेल असें आम्हांस वाटलें, म्हणून तो इतिहास वाचकांपुढेंहि थोडक्यांत मांडतों.

एडिसननें इ. स. १८७७ मध्यें फोनोग्राफ सिद्ध केला. पुढें दहा वर्षांनीं एमिल बर्लिनरनें तबकडीच्या ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गोहरजान प्रभृति कलावंतांचें गाणें मुद्रित केलें, आणि आपल्या संगीतानें तबकडींत प्रवेश केला. त्या काळच्या यंत्रांत विजेचा संबंध नव्हता. गायकानें कर्ण्यापाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें, आणि त्याच्या श्वासाच्याच जोरानें मेणावर रेघ उमटावी. ऐकतांना तीच क्रिया उलट व्हावी. अशा मुद्रणांत सेकंदास सुमारें २०० पासून अडीच हजारांपर्यंत आंदोलनें असलेले स्वर काय ते नीट उतरत. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ७० आंदोलनांची असते. म्हणजे ज्या स्वरावर सारें गाणें उभें राहावयाचें, तो मूळ स्वर त्या तबकडींत नाहींच. तरीहि लोक ऐकत, आणि एकत्र बसून ऐकत. चावी देण्याचा मान मुलांचा, सुई बदलण्याचा वडीलधाऱ्यांचा, आणि ओट्यावरचे शेजारी हे बोलावल्यावांचून आलेले श्रोते.

विजेनें बोलणारा कर्णा करण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. जर्मनींतील वेर्नर सीमेन्सनें इ. स. १८७४ मध्यें, आणि इंग्लंडांत ऑलिव्हर लॉजनें इ. स. १८९८ मध्यें, लोहचुंबकाच्या पोकळींत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचीं पेटंटें घेतलीं होतीं. पण तें वेटोळें जोरानें हलविण्याइतका प्रबळ करून दिलेला ध्वनिप्रवाह तेव्हां कोणाजवळ नव्हता. रेडिओच्या दिव्यांनीं ती उणीव भरून काढली. इ. स. १९२५ मध्यें अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनीं असें वेटोळें कागदी शंकूस जोडून आधुनिक स्पीकर सिद्ध केला. त्याच वर्षीं विजेच्या साह्यानें मुद्रित झालेल्या तबकड्या बाजारांत आल्या. मुंबईचें रेडिओ केंद्र इ. स. १९२७ च्या जुलै महिन्यांत सुरू झालें, इ. स. १९३१ मध्यें मुंबईस “आलम आरा” व इ. स. १९३२ मध्यें प्रभातचा “अयोध्येचा राजा” पडद्यावर बोलूं लागले. आज लाखांच्या किंमतीनें विकले जाणारे बहुतेक स्पीकर पाहिले, तर चुंबक, वेटोळें आणि शंकु ही त्यांची त्रयी राइस-केलॉगांचीच आहे. मग शंभर वर्षांत बदललें काय? मुख्यतः पेटी बदलली.

शंकु पुढें सरकला, कीं समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा कडेनें वळून परस्परांस मिळतात व नाहींशा होतात. म्हणून पाठीमागची लाट अडविण्यासाठीं पेटी हवी. पहिल्या रेडिओग्रामांच्या पेट्या सुंदर सागवानी असत. जितकें चांगलें लाकूड तितका गोड आवाज, अशी समजूत सर्वत्र होती. ही समजूत तंबोऱ्यावरून आलेली आहे. मिरजेचे कारागीर निवडक भोपळा व पातळ तबली घेऊन तंबोरा घडवितात, तो भोपळ्यानें व तबलीनें स्वतः गावें म्हणूनच. परंतु स्पीकरची पेटी गाऊं लागली, तर ती प्रत्येक गायकाच्या गळ्यांत आपला एक स्वर मिसळील. मग करीमखांसाहेब काय आणि हिराबाई काय, दोघांच्याहि गाण्यास तिचाच वास यावयाचा. तंबोऱ्याचा भोपळा जितका बोलका असेल तितका चांगला, आणि स्पीकरची पेटी जितकी मुकी तितकी चांगली, हा भेद कारखानदारांच्या पूर्णपणें ध्यानीं यावयास बराच काळ जावा लागला. आजच्या उंची पेट्या दोन माणसांस उचलाव्या लागतील इतक्या जड, आंतून आडव्या पट्ट्यांनीं बांधलेल्या असतात, त्या याच कारणानें.

पेटीचें शास्त्रहि हळूहळू बनत गेलें. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास यानें इ. स. १९३० मध्यें पेटीस एक मार्ग ठेवून पाठीमागच्या लाटेचाच खालच्या स्वरांसाठीं उपयोग करण्याची युक्ति पेटंटासाठीं मांडली. इ. स. १९५४ मध्यें एडगर व्हिल्चर यानें हवाबंद लहान पेटींतूनहि खोल स्वर काढून दाखविला. इ. स. १९६१ मध्यें ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यानें, आणि पुढील दशकांत रिचर्ड स्मॉल यानें, पेटीचें आकारमान व स्पीकरचे गुण यांचें गणितच बसवून दिलें. इकडे अॅलन ब्लमलाइन यानें इ. स. १९३१ मध्यें दोन मार्गांनीं ध्वनि मुद्रित करण्याचें पेटंट मागितलें होतें. तशा तबकड्या इ. स. १९५८ पासून सर्रास निघूं लागल्या, तेव्हां घरांत एका पेटीच्या दोन झाल्या. उंच, अरुंद पेटीचा लाभ उघड आहे: जमीन थोडी अडते, आंत हवेस जागा पुष्कळ मिळते, आणि तीव्र स्वरांचा लहान स्पीकर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस येतो.

येथपर्यंतचा इतिहास कारखान्यांत घडला. पुढचा भाग घरांत घडतो. अमेरिकेंतील पॉल क्लिप्श यानें इ. स. १९४६ मध्यें जो स्पीकर विकावयास काढला, तो खोलीच्या कोपऱ्यांतच ठेवावा लागे, कारण घराच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग होता. खोली ही यंत्राचाच एक भाग आहे, ही गोष्ट त्यानें उघडपणें मान्य केली. इतरांच्या यंत्रांसहि ती तितकीच लागू पडते. त्याच्या पन्नास वर्षें आधीं, इ. स. १८९५ मध्यें, हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही व कोणास कांहीं कळत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे तें काम आलें. त्यानें शेजारच्या नाट्यगृहांतील बैठकांच्या गाद्या रात्रीं वाहून आणल्या, थोड्या थोड्या मांडीत घड्याळ लावून घुमणें मोजलें, आणि त्यांतून खोलींतील ध्वनीचा नियम काढला. ध्वनिशास्त्राची ही मोठी शाखा अशी गाद्यांवर उभी राहिली आहे!

गाद्यांनीं शमतात ते मुख्यतः वरचे स्वर. खालच्या स्वरांचें दुखणें खोलीच्या मापांत असतें. समोरासमोरच्या दोन भिंती पंधरा फुटांवर असतील, तर सेकंदास सुमारें ३८ आंदोलनांची लाट त्यांच्यामध्यें बरोबर मावते व तिच्या दुपटी-तिपटीच्या लाटाहि. ते स्वर फुगतात. खोली चौरस असेल, तर लांबीचे व रुंदीचे फुगणारे स्वर एकच होतात व दोष दुणावतो. स्पीकर भिंतीस चिकटला, तर त्यांत आणखी भर. आमच्या स्नेह्यांच्या नव्या खोलींत हे तिन्ही दोष एकत्र नांदत होते. यंत्र निर्दोष होतें. घराचा उरलेला अर्धा भाग कोणी जुळविलाच नव्हता.

आम्हीं सल्ला दिला तो एवढाच, कीं यंत्र विकूं नका, खोली बदला. शेजारींच त्यांचें जुनें धाब्याचें घर आहे: मातीच्या जाड भिंती, वर सागवानी तुळया व फळ्या, आणि माजघराची लांबी अठरा फूट व रुंदी अकरा. अकरा फुटी भिंतीपासून तीन फूट पुढें, एकमेकांपासून सात फुटांवर स्पीकर उभे केले. तेथून आठ फुटांवर गाद्या घातल्या, आणि पाठीमागें राहिलेल्या जागेंत घरांतील इतर मंडळी बसली. मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या.

एक अडचण मात्र कोणत्याहि पुस्तिकेंत दिलेली नव्हती. हे स्पीकर खुर्चीवर बसणाऱ्यांसाठीं घडविलेले; त्यांतील तीव्र स्वरांचा स्पीकर जमिनीपासून चाळीस इंचांवर. आपण गादीवर मांडी घालून बसलों, कीं कान तीस इंचांवर येतो आणि तंबोऱ्याच्या जव्हारीचें तेज डोक्यावरून निघून जातें. गांवांतील एका वृद्ध सुतारानें, ज्यानें तरुणपणीं गाड्यांचीं चाकें घडविलीं होतीं, दोन रुंद सागवानी पाट करून दिले. मागची बाजू पुढच्या बाजूहून दीड इंच उंच, आणि पुढें इतके पसरलेले, कीं मुलांचा धक्का लागला तरी पेटी कलंडूं नये. पेट्या किंचित् पुढें झुकल्या आणि त्यांचें तोंड बैठकीकडे वळलें.

त्या रात्रीं वडिलांच्या आवडीची, त्यांनीं वर्षानुवर्षें रेडिओवर ऐकलेली एक जुनी ख्यालाची ध्वनिमुद्रिका लावली. मधल्या गादीवर त्यांना बसविलें. ते तासभर बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “या गाण्यांत तंबोरा पूर्वीं नव्हता कां रे?” तंबोरा पहिल्यापासून होता; त्यांच्यापर्यंत पोंचला नव्हता इतकेंच.

अशा वस्तूंवर खर्च करावा कीं नाहीं, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, व केळीच्या दोन हंगामांची रक्कम ही लहान नव्हे. परंतु जे करूं इच्छितात त्यांस आमची विनंति आहे, कीं दुकानांत जाण्यापूर्वीं फूटपट्टी घेऊन आपल्या घरांत हिंडावें. कोठें बसावयाचें, किती उंचीवर बसावयाचें आणि कोणकोणीं बसावयाचें हें आधीं ठरवावें. मधल्या जागेवर बसणाऱ्यास सर्वांत उत्तम ऐकूं येणार, हा दोन स्पीकरांचा स्वभावच आहे व तो टाळतां येत नाहीं. ती जागा रोज एकाच्याच वांट्यास येऊं नये, ही व्यवस्था मात्र घरांतील माणसांनींच करावयाची असते.