मुंबई हायच्या चुनखडीचा इतिहास

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, जेमतेम 75 मीटर खोल समुद्राखाली असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्राविषयी एक आरोप वर्षानुवर्षं केला जातो. तेल लागलं, सरकारला घाई झाली, वारेमाप उपसा केला आणि क्षेत्र बसलं, असा तो आरोप. त्याला आधार आहे. 1989-90 मध्ये सुमारे 3.4 कोटी टन असलेलं देशाचं तेल उत्पादन 1992-93 पर्यंत सुमारे 2.7 कोटी टनांवर आलं आणि त्या घसरणीत मुंबई हायचा वाटा मोठा होता. तरीही सगळा दोष घाईच्या माथी मारला, की या क्षेत्राचा खरा इतिहास निसटतो. तो तिथल्या खडकाचा इतिहास आहे, आणि तो खडक माणसांना किती उशिरा कळला याचाही.

इथलं बहुतेक तेल एल-थ्री नावाच्या मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे. उथळ, उबदार समुद्रात शंखशिंपल्यांचा आणि सूक्ष्मजीवांच्या कवचांचा गाळ साचून ती तयार झाली. मधूनमधून समुद्र मागे हटला, चुनखडी उघडी पडली आणि पावसाच्या पाण्यानं कवचं विरघळवली. तेल मावलं ते त्या पोकळ्यांत. पण हे सगळीकडे सारखं घडलं नाही. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचा, म्हणजे कोअरचा, एक तुकडा विरघळलेल्या कवचांच्या भोकांनी भरलेला असतो, तर त्याच्या वितभर खालचा इतका घट्ट, की त्यातून थेंब सरकणं मुश्कील. त्यात शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाचे पातळ पट्टे या चुनखडीचे अनेक थर पाडतात. वरून एक दिसणारं क्षेत्र आत एकावर एक ठेवलेल्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या साठ्यांचं आहे.

मग आधी नीट अभ्यास का केला नाही, असं कुणी विचारेल. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ रिगला तेल लागलं आणि 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झालं. मध्ये जेमतेम सव्वादोन वर्षं. 1973 च्या तेलसंकटात भाव चौपट झाले होते आणि आयातीचं बिल देशाला झेपत नव्हतं. पण घाई नसती तरी उत्तर फारसं बदललं नसतं. त्या काळच्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून खडकाचा मोठा उंचवटा दिसे. काही मीटर जाडीचे शेलचे पट्टे दिसत नसत. कुठला थर कुठल्या थराशी जोडलेला आहे, हे तेल काढू लागल्यावर, दाब कुठे किती उतरतो ते पाहूनच कळतं. म्हणून 1976 च्या निर्णयाला मी दोष देणार नाही.

दोष द्यायचा तो पुढच्या दशकाला. तेलाच्या वर वायूची टोपी होती. दाब उतरला तसा वायू खाली ओढला जाऊन विहिरींत शिरू लागला. दाब टिकवण्यासाठी समुद्राचं पाणी खाली भरायला सुरुवात झाली ती 1980 च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे उत्पादन भरात असताना. तेही पाणी सगळ्या थरांत सारखं पसरलं नाही. भोकाळ थरातून ते थेट उत्पादनाच्या विहिरीपर्यंत धावलं आणि घट्ट थरांतलं तेल जागच्या जागी राहिलं. वायू आणि पाणी दोन्ही खडकाचा नकाशाच सांगत होते. तरी दिवसाला चार लाख बॅरलच्या वरचा आकडा टिकवायचा म्हणून एकच विहीर अनेक थरांत उघडण्याची पद्धत चालू राहिली. आकडा चढता असताना पद्धत बदला म्हणणं कुठल्याही सरकारी कंपनीत अवघड असतं, हे मान्य. पण त्या संकोचाची किंमत देशानं आयातीत मोजली.

2000 नंतरच्या पुनर्विकासानं थर वेगळे धरून काम सुरू केलं. आडव्या विहिरी एकेका थरात नेल्या आणि जुन्या विहिरींना बाजूने फाटे काढले. चुनखडीच्या खाली, जिथे काही ठिकाणी दख्खनच्या पठाराचाच काळा बेसाल्ट आहे, त्या तळखडकाच्या भेगांतलं तेलही शोधलं गेलं. घसरण मंदावली, पण थांबली नाही. 2024 मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे 1.3 लाख बॅरल होतं आणि 2025 मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीनं बीपी कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी सोबत घेतलं. हे सगळे प्रयत्न मुख्यतः चाळीस वर्षांपूर्वी पाण्यानं वळसा घातलेल्या त्या घट्ट थरांसाठी आहेत.